पुरस्कार कुणाच्या पैशाचा?

चळवळीत सध्या पुरस्कारांची साथ आलीय. पटकीची यायची तशी. चौदा एप्रिलच्या आठवड्यात भांडुप स्टेशनला उतरा आणि टेंभीपाड्यापर्यंत पायी जा. डोक्यावर बॅनरच बॅनर. कलारत्न, भीमरत्न, समाजभूषण. वर बाबासाहेब, मधी पुढाऱ्याचं हसणं, खाली ‘सौजन्य’. ज्याला पुरस्कार दिला त्या गायकाचं नाव कुठंतरी कोपऱ्यात, ज्वेलर्सच्या फोन नंबरच्या खाली.

आता आपल्यातल्याच काही पोरांनी ठरवलंय की घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या वस्त्यांतल्या कलावंतांसाठी एक कायमचा पुरस्कार काढायचा. चित्रकार, शाहीर, मूर्तिकार, चित्ररथ बांधणारे, सगळ्यांसाठी. कल्पना चांगली आहे. पैसा कुठून, तर स्थानिक दाते. एक बिल्डर, एक सराफ, एक क्लासवाला, एक नगरसेवक. पोरं म्हणतात, पैशाला जात नसते. पैशाला जात नसेलही, पण पैशाला हात असतो, आणि तो हात कुणाच्या खांद्यावर पडतो हे बघावं लागतं. पुस्तकाची समीक्षा करतो तशी पुरस्काराचीही केली पाहिजे. तोही एक मजकूरच आहे. फक्त तो वाचायची सवय आपल्याला लागलेली नाही.

जुन्यापासून सुरू करू. पेशवे पुण्यात श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे. तो पैसा आकाशातून पडत नव्हता. कुणब्याच्या शेतसाऱ्यातून यायचा. पेशवाई बुडाली, कंपनी सरकार आलं, दक्षिणा चालूच राहिली. पुढं त्यातला काही पैसा मराठी ग्रंथांना बक्षीस द्यायला वळवला. तो दक्षिणा प्राइज फंड. म्हणजे मराठीतला सुरुवातीचा सरकारी वाङ्मयपुरस्कार हा रयतेच्या घामाच्या पैशाचाच होता. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी या कमिटीकडे ‘तृतीय रत्न’ हे नाटक दिलं. अडाणी कुणबी नवराबायको आणि त्यांना ग्रहदशेच्या नावानं लुटणारा जोशी, अशी त्याची गोष्ट. बक्षीस मिळालं नाही. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढं युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त नोंदवून ठेवलंय. ते नाटक छापून लोकांच्या हातात यायला १९७९ साल उजाडलं. एकशे चोवीस वर्षं.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, बक्षिसाचा पैसा ज्याच्याकडून येतो असं दिसतं त्याचाच तो असतो असं नाही. दोन, पैसे देणारा एक आणि निवडणारा दुसरा असू शकतो. खरा निकाल निवडणाऱ्याच्या खुर्चीत लागतो. आपली पोरं दात्यांची यादी करताहेत, पण खुर्चीत कोण बसणार याची यादी अजून कुणी केलेली नाही.

आता भांडुपवर येऊ. आपल्या लालबहादूर शास्त्री मार्गावर रंगाचा कारखाना होता. एशियन पेंट्सचा. १९४२ साली गिरगावातल्या एका गॅरेजमध्ये चार मित्रांनी सुरू केलेली ही कंपनी. १९५० च्या दशकाच्या शेवटी तिनं भांडुपला कारखाना टाकला. हातात रंगाचा डबा घेतलेला तो गट्टू आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढला. भांडुपमधल्या कितीतरी घरांत त्या रंगावर चूल पेटली. पुढं तिथलं रंगाचं उत्पादन थांबलं.

याच कंपनीनं १९८५ साली कलेचा एक पुरस्कार सुरू केला. कुठं? कलकत्त्याला. दुर्गापूजेच्या मंडपांसाठी ‘शारद सन्मान’. परीक्षक मंडपामंडपातून फिरायचे, मूर्ती बघायचे, सजावट बघायचे, उत्तम पूजा कोणती ते ठरवायचे. वर्षाचा नवा शोध म्हणून एका अनोळखी मंडळालाही सन्मान. रोख रकमेपेक्षा त्या पाटीची किंमत मोठी झाली. पाटी लागली की गर्दी तिकडं वळायची, गर्दी वळली की जाहिरातवाले यायचे. बघता बघता दुसऱ्या कंपन्यांनीही आपापले पुरस्कार काढले.

हे सगळं वाईट झालं असं म्हणणं खोटं होईल. या चढाओढीतून आर्ट कॉलेजात शिकलेले चित्रकार मंडपात आले. दूरच्या जिल्ह्यांतले विणकर, बांबूकाम करणारे, मातीकाम करणारे कारागीर शहरात आले, त्यांना काम मिळालं, काहींना नाव मिळालं. ‘थीम पूजा’ नावाची एक नवीच कला जन्माला आली. २०२१ साली युनेस्कोनं कलकत्त्याच्या दुर्गापूजेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. एका रंगकंपनीच्या पाटीनं शहरभराच्या कलेला वळण दिलं, हे मान्य केलं पाहिजे. पुरस्काराची ताकद आपल्या पोरांना दिसते, ती खरीच आहे.

पण त्याच वेळी दुसरंही काहीतरी घडलं. पूर्वी पूजेचा चंदा दारोदार जमायचा. त्यात दादागिरी असायची, भांडणं असायची, तरीही दार ठोठावलं जायचं. ज्यानं दोन रुपये दिले तो मंडपात येऊन सांगायचा, औंदा मूर्तीचा डोळा नीट झाला नाही. मोठ्या मंडळांना कंपन्यांचा पैसा मिळायला लागला तसा हा चंदा मागं पडला. मोहल्ल्यातला माणूस वर्गणीदार होता, तो प्रेक्षक झाला. त्याचा हिशेब मागायचा हक्क गेला. मुख्य सन्मान मिळाला मंडळाला. कुमारटुलीत चिखल तुडवणाऱ्या पोराच्या रोजंदारीचं काय झालं, ते पाटीवर लिहीत नाहीत.

मुंबईत गणेशोत्सवात आपण हेच बघितलं. आता निळ्या मंडळांची पाळी आहे. आपल्याकडं जयंतीच्या चित्ररथांना बक्षिसं लागतात तेव्हा काय होतं ते नीट बघा. दाता येऊन सांगत नाही की अमुक देखावा करू नका. तो हुशार असतो. तो फक्त चेक देतो. मग आपलीच कमिटी रात्री बसते आणि आपल्याच हातानं देखावा कापते. मनुस्मृतीदहन? नको रे, सराफ नाराज होईल. खैरलांजी? बायापोरं बघायला येतात, नको. झोपडी पाडणारा बुलडोझर? तो तर बिल्डरच पैसे देतोय! शेवटी उरतं काय, तर थर्माकोलचं संसद भवन, निळे लाईट आणि गुळगुळीत गालाचे बाबासाहेब. दरवर्षी तेच, आणि दरवर्षी पहिलं बक्षीस त्यालाच. ज्या माणसानं २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी घेतलं आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, त्याचा देखावा कुणाला दुखवत नसेल तर तो देखावा खोटा आहे. २०२७ साली त्या दोन्ही घटनांना शंभर वर्षं. त्या वर्षीच्या चित्ररथावर काय असेल, ते आपण ठरवणार की सौजन्यवाला?

इथं कुणी म्हणेल, मग काय, कुणाचाच पैसा घ्यायचा नाही? सोवळं पाळायचं? सोवळं हा आपला शब्दच नाही. बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. पण ‘मूकनायक’ शाहूंची जाहिरात झाला नाही. अंकाच्या माथ्यावर कोल्हापूरचं चित्र आलं नाही. उलट ‘केसरी’नं काय केलं? पैसे घेऊनसुद्धा ‘मूकनायक’ची जाहिरात छापायला नकार दिला. म्हणजे एकीकडं पैसा देऊन हात बाजूला ठेवणारा राजा, आणि दुसरीकडं आमचा पैसाही विटाळ मानणारं छापखान्यातलं सोवळं. पुढं ‘बहिष्कृत भारत’वर कर्ज झालं तेव्हा बाबासाहेबांनी ते आपलं खासगी दुखणं म्हणून लपवलं नाही. हे कर्ज समाजाचं आहे, असं त्यांनी अंकातच मांडलं. पैसा घेण्यात लाज नव्हती, हिशेब झाकण्यात होती.

तेव्हा प्रश्न दाता पाहिजे की नको हा नाही. तो कोणत्या अटीवर पाहिजे, एवढाच आहे.

काही शहाणे म्हणतात, खाजगी दाते नकोत, सरकारी पुरस्कार बरा, तो आपल्याच कराचा पैसा. बरोबर आहे, पैसा आपलाच. पण दक्षिणा फंडाचाही आपलाच होता. अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. भांडुपहून लोकलनं तीन स्टेशनं गेलं की घाटकोपर. तिथल्या चिरागनगरात अण्णाभाऊ वर्षानुवर्षं झोपडीत राहिले. पुरस्कारानंतरही त्यांचं हलाखीचं जगणं सुटलं नाही. १९६९ मध्ये ते गेले. २००२ साली त्यांच्या नावानं टपालाचं तिकीट निघालं. तिकीट निघालं तेव्हा ते मागायला, नाकारायला, किंवा हसायला माणूस शिल्लक नव्हता.

दुसरं उदाहरण जवळचं आहे आणि जास्त झोंबणारं आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मारली. मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी चार दिवसांनी कपाळाला निळी पट्टी बांधून गळफास घेतला. भांडुप या दोहोंच्या मधी आहे. आनंद पटवर्धनांनी चौदा वर्षं खपून ‘जय भीम कॉम्रेड’ हा चित्रपट केला. त्याला महाराष्ट्र शासनानं पुरस्कार दिला. त्याच चित्रपटात गाणाऱ्या कबीर कला मंचाच्या पोरांवर त्याच शासनाच्या पोलिसांनी यूएपीए लावलेला होता. शीतल साठे आणि सचिन माळी २ एप्रिल २०१३ ला विधान भवनासमोर स्वतःहून हजर झाले, तोवर त्यांना भूमिगत राहावं लागलं. म्हणजे गाण्याच्या चित्राला बक्षीस आणि गाणाऱ्या गळ्याला बेडी. पटवर्धनांनी पुरस्काराचा पैसा कबीर कला मंचाच्या बचाव समितीला दिला. पैसा घेतला आणि जिथं लागत होता तिथं पोचवला. पुरस्कार कसा घ्यावा याचा हा एक चांगला धडा आहे.

आणि २०२२? सहा डिसेंबरला राज्य सरकारनं वाङ्मय पुरस्कार जाहीर केले. कोबाड गांधी यांच्या तुरुंगातल्या आठवणींच्या मराठी अनुवादासाठी अनघा लेले यांना पुरस्कार. सहा दिवसांनी, बारा डिसेंबरला, सरकारनं तो रद्द केला आणि निवड समितीच बरखास्त केली. परीक्षकांनी वाचून दिलेला निर्णय एका कागदानं पुसला. मग प्रज्ञा दया पवार आणि नीरजा यांनी साहित्य संस्कृती मंडळाचे राजीनामे दिले. ‘भुरा’ लिहिणाऱ्या शरद बाविस्करांनी आपला पुरस्कार नाकारला. देणाऱ्याचा हात परीक्षकाच्या हातावर पडला की लिहिणाऱ्यानं आपला हात काढून घेतला पाहिजे, तो या लोकांनी काढला. आपल्या भांडुपच्या पुरस्कारात असं झालं तर किती हात निघतील? आजच मोजून ठेवा.

आता स्थानिक दात्याकडं सरळ बघू. हा कुणी राक्षस नाही. बऱ्याचदा आपल्याच ओळखीचा माणूस असतो, अडीअडचणीला येतो, ॲम्ब्युलन्स देतो. पण तो कधी आला ते बघा. भांडुप-कांजूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या जागांवर टॉवर आणि मॉल उभे राहायला लागले, टेकडीवरच्या आणि नाल्याकाठच्या वस्त्यांची जमीन मोलाची झाली, तेव्हा तो जास्त प्रेमळ झाला. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेला रहिवाशांच्या संमतीच्या सह्या लागतात. सही मागायला जाण्याआधी माणूस ओळखीचा असावा लागतो. जयंतीला साउंड दिला, कलावंताला शाल दिली, विहाराला फरशी दिली, की संमतीचा कागद घेऊन येताना चप्पल दाराबाहेर काढायचीही गरज उरत नाही. पंचवीस हजाराचा पुरस्कार दोनशे सह्यांना वाटून बघा. एक सही सव्वाशे रुपयाला पडते. एवढ्या स्वस्तात बाजारात काही मिळत नाही. आणि ज्या शाहिरानं त्या योजनेतल्या लबाडीवर गाणं रचायचं, त्याच्याच गळ्यात त्या बिल्डरचा हार. तो गाईल कसा? गायलाच तर लोक म्हणतील, खाल्लं त्याचं आणि उलटला.

हे म्हणजे कलावंतावर सगळं ढकलणं झालं. कलावंत गरीब आहे. भिंतीवर बाबासाहेब रंगवणारा पेंटर फ्लेक्सनं उपाशी मारला. पूर्वी पाटी रंगवून, बॅनर रंगवून त्याचं घर चालायचं. आता बाबासाहेबसुद्धा प्रिंटरमधून निघतात. त्याला पाच हजार दिले तर तो कुणाचे आहेत विचारणार नाही, आणि त्यानं विचारावं अशी अपेक्षा करणं हा भरल्या पोटाचा उपदेश आहे. विचारायचं काम पुरस्कार काढणाऱ्यांचं आहे. म्हणून हा लेख त्यांच्यासाठी.

पुरस्कार काढा. जरूर काढा. पुस्तक लिहिणाऱ्याला आता अधूनमधून कुणीतरी विचारतं. चित्र काढणाऱ्याला, पुतळा घडवणाऱ्याला, ढोलकी वाजवणाऱ्याला अजून कुणी विचारत नाही. पण काढताना या गोष्टी कागदावर लिहा आणि त्या विहारात सगळ्यांसमोर वाचून दाखवा.

पुरस्काराच्या नावात दात्याचं नाव नको, बॅनरवर दात्याचा फोटो नको. पावती मिळेल, आभार मिळतील, बस्स. एका माणसाकडून एकूण रकमेच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही. उरलेलं दारोदार. दोनशे घरांची वस्ती, घरामागं पन्नास रुपये, दहा हजार होतात. अशा पाच वस्त्या म्हणजे पन्नास हजार. अशक्य आहे का? चैत्यभूमीचा स्तूप १९७१ साली उभा राहिला तो भैय्यासाहेबांनी लोकांकडून पैसा जमवून उभा केला. सरकारची वाट बघत बसले नाहीत. आपल्या आईबापांनी मजुरीतून दिलं, आपण पगारातून देऊ शकत नाही?

ज्या वस्तीत ज्याची पुनर्वसनाची योजना चालू आहे त्याच्याकडून त्या वस्तीसाठी एक पैसा नको. योजना संपून लोक घरात राहायला गेले की मग बघू.

निवडणाऱ्यांत दाता नको, दात्याचा मेव्हणा नको, पक्षाचा पदाधिकारी नको. निम्मे तरी हातानं काम करणारे कलावंत पाहिजेत. बाया पाहिजेत, नावापुरती एक नव्हे. निवडलं का, हे चार ओळींत लिहून सभेत वाचायचं. ज्याला पटत नाही त्यानं उभं राहून बोलायचं. भांडण झालं तर होऊ दे. भांडण झालं म्हणजे लोक अजून वर्गणीदार आहेत, प्रेक्षक झालेले नाहीत.

शाल-श्रीफळात पैसे घालवायचे नाहीत. हाराच्या पैशात रंग येतो, कॅनव्हास येतो, ढोलकीची पान बदलून होते. रक्कम कलावंताच्या हातात, तीही भाषणांच्या आधी. म्हणजे पाहुणे उशिरा आले तरी त्याची शेवटची लोकल चुकणार नाही.

आणि शेवटचं. कलावंतावर खटला झाला, त्याला अटक झाली, म्हणून पुरस्कार परत घेतला जाणार नाही, असं एक कलम पहिल्याच दिवशी घाला. दात्याला हे कलम दाखवा. बघा तो चेकवर सही करतो का. करत असेल तर त्याचे पैसे बिनधास्त घ्या, तो आपला माणूस आहे. नाही म्हणाला तर त्याला चहा पाजा, जयभीम करा आणि पुढच्या दाराची कडी वाजवा.

पावतीपुस्तक छापायला टाका. पहिली पावती या अंकाच्या संपादकांच्या नावानं फाडा.